ग्रंथालयातल्या मॅडमना उघड पत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पत्र मात्र उघड लिहितेय, कारण तुम्ही मला जे शिकवलंत त्याची गरज असलेली पोरं आजही अभ्यासिकेत गुगल स्कॉलर हे शोधनिबंध शोधायचं यंत्र उघडून, डोक्याला हात लावून बसलेली दिसतात.

देवराईला माणसाच्या उपयोगापलीकडं स्वतःचं काही मूल्य असतं का, हा प्रश्न घेऊन मी शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात आले होते. शोधाच्या चौकटीत 'एन्व्हायर्नमेंटल एथिक्स' (पर्यावरणाचं नीतिशास्त्र) टाकलं की नुसता पूर येई. त्या नावाचं एक नियतकालिकच आहे नि ते 1979 पासून निघतंय, त्यामुळं विषय आणि नियतकालिक यांची सरमिसळ होते, हे तुम्ही सांगितलंत. मग शब्द बदलायला लावलेत. 'इंट्रिन्सिक व्हॅल्यू' (स्वतःचं मूल्य), 'डीप इकॉलॉजी' (निसर्गाला माणसाच्या उपयोगापलीकडं मोल आहे असं मानणारा विचार), 'लँड एथिक' (जमिनीशी वागण्याची नीती), 'सेक्रेड ग्रोव्ह' (देवराई) असे शब्द जोड्यांनी टाकायचे, नेमकी शब्दजोडी हवी तर अवतरणचिन्हांत टाकायची. तत्त्वज्ञानासाठी फिलपेपर्स ही तत्त्वज्ञानाच्या लेखांची ऑनलाइन सूची उघडायची, तिथं विषयांची वर्गवारी जाणकारांनी केलेली असते. भारतातले प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात बघायचे, पण ते मुख्यतः संदर्भसूचीसाठी. हे सगळं तासाभरात उरकलं असेल. खरं शिक्षण त्यानंतर सुरू झालं.

"अगं, लेख काय म्हणतोय ते नंतर. तो कुणाशी भांडतोय ते आधी बघ." हे तुमचं वाक्य. मी निकाल 'गेल्या पाच वर्षांतले' एवढेच ठेवले होते, तशी सगळीकडं सांगायची पद्धतच आहे. तुम्ही ती चाळणी काढून टाकलीत. विज्ञानात पाच वर्षांत मोजमापं जुनी होतात, नीतिशास्त्रात वाद जुना होत नाही, असं म्हणालात. मग 1973 सालापासून सुरुवात करून दिलीत. त्या वर्षी नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस यांचा उथळ आणि सखोल पर्यावरण चळवळींवरचा छोटासा लेख 'इन्क्वायरी' या नियतकालिकात आला. त्याच वर्षी तत्त्वज्ञ रिचर्ड राउटली यांनी पृथ्वीवरच्या शेवटच्या माणसाचा प्रश्न मांडला: मागं कुणीच उरणार नसेल, तर जाता जाता सगळी झाडं, सगळे प्राणी मारून टाकण्यात त्यानं काही वाईट केलं का? आजचा ताजा लेखसुद्धा यांतल्या कुणाला तरी उत्तर देत असतो. ते उत्तर कुणाला आहे हे कळलं नाही तर लेख कळत नाही.

आणि मग इतिहासकार रामचंद्र गुहांचा 'एन्व्हायर्नमेंटल एथिक्स' नियतकालिकातला 1989 चा लेख. तो मी आधी वाचला होता, आवडलाही होता. गुहांचं म्हणणं असं, अमेरिकेतल्या 'डीप इकॉलॉजी'नं रानं माणसांपासून राखण्याची कल्पना उचलून इकडं आणली की तिची किंमत गरीब माणसं मोजतात. त्यांचं उदाहरण व्याघ्र प्रकल्पाचं होतं. चांदोलीच्या अभयारण्यासाठी उठवलेल्या गावांची गाऱ्हाणी ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला हे पटणारच. तुम्ही एवढंच विचारलंत, "बरं, मग समोरच्यानं काय म्हटलं?" गुगल स्कॉलरवर त्या लेखाखाली 'साइटेड बाय' (हा लेख पुढं कुणी कुणी उद्धृत केला त्याची यादी) असतं, ते दाबायला लावलंत. पुढच्याच वर्षी, 1990 मध्ये, त्याच नियतकालिकात डेव्हिड जॉन्स यांनी गुहांना सविस्तर उत्तर दिलंय. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या दोन लेखांच्या मधल्या जागेत उभं आहे. एका बटणानं हे झालं असं म्हणणं खोटं ठरेल. ते बटण माझ्यासमोर कधीचं होतं, दाबायचं कशासाठी ते तुम्ही सांगितलंत.

लेख जोखायची तुमची रीत तर मी आता माझ्या विद्यार्थ्यांनाही शिकवते. पेन्सिल घ्यायची आणि प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला, तो वस्तुस्थिती सांगत असेल तर 'आहे' आणि काय करायला पाहिजे ते सांगत असेल तर 'हवं', असं लिहीत जायचं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांचा पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा 1976 चा लेख 'इकॉनॉमिक बॉटनी' या नियतकालिकात आलाय. तो मुख्यतः 'आहे' सांगतो, आणि ते काम तो चोख करतो. त्याला नीतिशास्त्राचा लेख म्हणून उद्धृत करणं हा त्याच्यावरच अन्याय. उलट पंचगंगेच्या प्रदूषणावरचे लेख मी असे कितीतरी पाहिले, ज्यांत जयंती नाल्याचं सांडपाणी, साखर कारखान्यांची मळी, इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचं रंगीत पाणी, बीओडीचे (पाण्यातली घाण कुजायला किती प्राणवायू लागतो त्याचे) आकडे असं सगळं नीट येतं आणि शेवटच्या परिच्छेदात अचानक 'म्हणून समाजात नीतिमूल्ये रुजवली पाहिजेत'. 'आहे'वरून 'हवं'वर उडी, मधे पूलच नाही. कुणाची नीती, कुणाचं कर्तव्य, कारखान्याचं की नळ सोडणाऱ्या माझं, यावर एक ओळ नसते. असा लेख आकड्यांसाठी घ्यावा, युक्तिवादासाठी नको.

शोधनियतकालिक खरं की नुसतं दुकान, हे ओळखायलाही तुमच्याकडेच शिकले. 'आपला बहुमोल शोधनिबंध आठ दिवसांत प्रसिद्ध करू' अशी ईमेल आली तेव्हा मी हुरळले नव्हते, पण नाही का म्हणायचं तेही नीट सांगता येत नव्हतं. आठ दिवसांत दोन जाणकार वाचणार कधी नि त्यावर लिहिणार कधी, हा तुमचा पहिला प्रश्न. आयएसएसएन हा नुसता ओळखक्रमांक असतो, गुणवत्तेचा दाखला नव्हे, हे दुसरं. संपादक मंडळातली माणसं स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर तो उल्लेख करतात का, हे तिसरं. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीनं केअर यादी, म्हणजे मान्य शोधनियतकालिकांची यादी, बंद केल्यावर अनेकांची धांदल उडाली. तुम्ही मात्र यादीवर कधी विसंबलाच नव्हतात. एआयनं सुचवलेला संदर्भ असो नाहीतर कुणाच्या प्रबंधातून उचललेला, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून लेख खरंच अस्तित्वात आहे का ते बघितल्याशिवाय वहीत उतरवायचा नाही, हा तुमचा दंडक मी मोडलेला नाही.

आणखी एक गोष्ट राहील म्हणून लिहिते. 'परामर्श' आणि वाईचं 'नवभारत' या मराठी नियतकालिकांचे जुने अंक तुम्ही काढून दिलेत. धूळ झाडायला फडकंही दिलंत. मराठीतलं बरंचसं तत्त्वचिंतन इंग्रजी शोधयंत्रांत सापडत नाही. तिथं दिसत नाही म्हणजे लिहिलंच गेलं नाही असं धरून आपली पोरं 'मराठीत या विषयावर काम झालेले नाही' असं ठोकून देतात. ते वाक्य माझ्याही आराखड्यात येता येता राहिलं ते तुमच्यामुळं.

आता तक्रार. तत्त्वज्ञानात एखादा लेख किती ठिकाणी उद्धृत झालाय याला काडीची किंमत नाही, हे तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. लेख चांगला की वाईट हे त्या आकड्यावरून ठरत नाही, कबूल. पण गर्दी कुठं आहे नि कुठं कुणी फिरकलेलंच नाही, हे त्यावरून कळतं, आणि देवराईच्या बाबतीत मला माझी जागा तशीच सापडली. तुम्ही निवृत्त झालात म्हणून हा वाद मिटला असं समजू नका. प्रबंधाची बांधीव प्रत घेऊन येतेय. तिसरं प्रकरण वाचून ठेवा, पेन्सिल हातात घेऊनच.

तुमची,
तत्त्वज्ञानाची एक संशोधक विद्यार्थिनी
कोल्हापूर