उजवा दिवा आणि तुझा स्विच

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रांना उत्तर न देता आज एकदम गाडीविषयी लिहायला बसलो आहे, याचा राग तू खुशाल धर. पण उजवा हेडलाईट पुन्हा रुसला, आणि हे तुझ्याशिवाय सांगावे कोणाला? घरच्यांचे मत एकच, की गाडी विकून टाका. प्रकृती ठीक, गुडघा आहे तसाच आहे.

तर डिपरवर, म्हणजे जवळच्या झोतावर, डावा दिवा स्वच्छ आणि उजवा तांबूस, मरगळलेला. शिवाय अप्परची, म्हणजे लांबच्या झोताची, निळी खूण, जी डिपरवर मुळीच दिसायला नको, डॅशबोर्डवर मिणमिणत होती. तू असतास तर स्टिअरिंगखालचा स्विच उघडून बसला असतास, कारण त्या गाडीचा प्रत्येक दोष तुझ्या मते स्विचमध्येच असतो. भोंग्याची वायर उंदराने कुरतडली होती, तेव्हाही तुझे म्हणणे हेच होते! मला मात्र त्या निळ्या खुणेनेच सगळे सांगितले. उजव्या बल्बचा अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली परतीची वायर, बिघडला, की डिपरच्या फिलामेंटमधून आलेल्या प्रवाहाला बॉडीकडे जायला सरळ वाट उरत नाही. मग तो त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा अप्परच्या वायरीत शिरतो आणि डाव्या दिव्याचा चांगला अर्थ गाठतो. जाता जाता निळ्या खुणेलाही त्यातले थोडेसे मिळते.

होल्डर बल्बवरून काढून मीटर लावला, तर पूर्ण बारा व्होल्ट. नानांच्या भाच्याने एवढ्यावरच वायरिंग निर्दोष ठरवले होते. मीटर प्रवाह जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे वायरीचा एखादाच धागा शाबूत असला तरी तो बारा व्होल्ट दाखवतो, हे त्याला कोण समजावणार? मी बल्ब जोडून, दिवा चालू ठेवून, बॅटरीच्या निगेटिव्हपासून होल्डरच्या अर्थ पिनेपर्यंत मोजले, तेव्हा जिथे एखाद-दुसरा दशांश व्होल्ट असायचा तिथे साडेतीन निघाले. बॅटरीच्या ट्रेखालचा अर्थचा तो बोल्ट तुला आठवत असेलच; ॲसिडने त्याची हिरवट-पांढरी ढेकळे झाली होती. पत्रा चकाकेपर्यंत घासला, वायरीच्या टोकाला नवे थिंबल लावले, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन फासले आणि निळी खूण विझली.

खरी चिंता त्यानंतर सुरू झाली. आता दोन्ही दिवे सारखे आहेत, पण सारखेच मंद. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट असतात, त्यांतले सव्वा ते दीड पॉझिटिव्हच्या बाजूलाच गळतात, आणि हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळाले की उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. इथे मात्र तुझ्या स्विचला मान द्यावा लागेल, कारण ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे सुमारे नऊ अँपिअर, आणि ते सगळे आजही त्या म्हाताऱ्या स्विचमधूनच जातात. तू हट्टाने बसवलेल्या १००/९० वॅटच्या बल्बांनी त्याच वायरींतून किती प्रवाह ओढला असेल, याचा हिशेब मी मांडत नाही. वितळलेला होल्डर पुरावा म्हणून जपून ठेवला आहे.

उपाय रिलेचा, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, हे उघड आहे. बॅटरीजवळ फ्यूज घालून जाड वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेवर, ८७ वरून दिव्याकडे, आणि ८५-८६ च्या कॉइलपुरताच स्विचचा प्रवाह. डिपर आणि अप्परला वेगळे रिले आणि वेगळे फ्यूज, म्हणजे एक फ्यूज उडाला तरी रस्ता दिसेल. पण जुन्या वायरींचे आवरण इतके कडक झाले आहे की वाकवताच तडकते, आणि हार्नेसला, म्हणजे वायरींच्या मूळ जुडग्याला, कापायला हात धजत नाही. म्हणून एका बाजूच्या मूळ होल्डरमध्ये तीन पिनांचा प्लग खुपसून त्यातूनच रिलेला इशारा द्यावा आणि हार्नेसला हातच लावू नये, असे मनात आहे. अण्णांना मात्र यात जुगाडाचा वास येतो. रिफ्लेक्टरची चांदी काळवंडली आहे, त्याला वायरिंगमध्ये औषध नाही, ते मला समजते; तरीही रिले आधी की रिफ्लेक्टर आधी, हे तुझ्या तोंडून ऐकायचे आहे.

तुझी बदली झाली का? धाकटीचा निकाल काय लागला? वहिनींना नमस्कार सांग.

आणि वायरींच्या रंगांची आपली वही तुझ्याकडेच आहे. हेडलाईटच्या पानाचा फोटो पाठव; अप्परची वायर लाल की लाल-पांढरी, यावरून आपण भांडलो होतो, ते पान.

तुझा,
वसंता