रविवारच्या बैठकीआधी पॅकेज सांभाळणाऱ्यांसाठी सूचना

मंडळी, रविवारी सकाळी जळगावला जमतोय. डेबियन या लिनक्स प्रणालीत लायब्ररीचा (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडचा) एसओनेम, म्हणजे तिची सुसंगतता दाखवणारं आवृत्तीसहित नाव, बदलला, की तिच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजेस पुन्हा बिल्ड करावी, म्हणजे सोर्स कोडपासून नव्याने तयार करावी लागतात. म्हणून नवी आवृत्ती आधी एक्सपेरिमेंटल या चाचणीच्या विभागात टाका, ट्रान्झिशन बग (या बदलासाठी रिलीज टीमकडे करायची नोंद) नोंदवा. रिलीज टीमचा होकार येईपर्यंत अनस्टेबल या चालू विकासाच्या विभागाला हात लावू नका.

स्टँडर्ड्स-व्हर्जनचा आकडा (पॅकेज डेबियन पॉलिसीच्या, म्हणजे नियमावलीच्या, कोणत्या आवृत्तीनुसार आहे ते सांगणारा) नुसता वाढवून चालत नाही, पॉलिसीची अपग्रेडिंग चेकलिस्ट वाचूनच वाढवा. जुन्या पॅकेजमधल्या फायली अजून /लिबमध्ये जात असतील तर /यूएसआर/लिबमध्ये हलवा. पॅकेजमधल्या चुका शोधणारं लिंटियन हे साधन चालवून या. इशारे दाबून टाकणं म्हणजे तपासणी नव्हे.

रावेर-यावलकरांनी मोठं बिल्ड भारनियमनाची वेळ पाहून लावावं. भरीत-पुरी आहेच, पण काम झाल्यावर. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत पॅकेजचं नाव कळवा.