वाचनालयाच्या अर्जासाठी हातभार लावा, पैसाबी हवा आणि कागदबी हवेत

राम राम मंडळी,

गावात राहणारे आणि पोटापाण्यासाठी सुरत, नाशिक, पुण्याकडे गेलेले, सगळ्याच भाऊ-ताईंना ही विनंती आहे, जरा लांबलीय पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या वाचनालयाच्या अभ्यासिकेसाठी आपण एका कम्युनिटी फाउंडेशनकडे ग्रँटचा अर्ज करतोय. आपल्या भागातल्या लोकांचा, कंपन्यांचा पैसा एका ठिकाणी जमा करून तो छोट्या संस्थांना देतात ना, तसं ते फाउंडेशन. मागतोय काय तर सोलर आणि बॅटरी, वीस टेबल-खुर्च्या आणि मुलींसाठी वेगळं बाथरूम. खर्च पाच लाखाच्या आसपास, त्यातला सव्वा लाख लोकवाटा आपण उभा करायचाय.

मागच्या वर्षी आपला अर्ज परत आला होता हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. काम चांगलं नाही म्हणून नाही हो, कागद नीट नव्हते म्हणून. आपले जुने अध्यक्ष आप्पा वारले, नवीन अध्यक्ष झाले, पण धर्मादायच्या ऑफिसात चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद, टाकायचा राहूनच गेला, तो ९० दिवसांत टाकायचा असतो, त्यामुळे शेड्यूल वनच्या, म्हणजे संस्थेच्या तिथल्या नोंदीच्या, उताऱ्यावर अजून आप्पांचंच नाव आणि बँकेत सह्या दुसऱ्यांच्या. आता तो रिपोर्ट दाखल केलाय.

दुसरी गोष्ट मनाला जास्त लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा घरोघरून पन्नास-शंभर गोळा करून आपल्या पोरांनी तिथल्या स्टॉलवरून दोन पोती पुस्तकं मोटरसायकलवर आणली, अख्ख्या गावाने पाहिलं. पण बिलं कुठे गेली ठाऊक नाही, वर्गणीची पावती एकालाही फाडली नाही, म्हणून ऑडिटमध्ये ती पुस्तकं नाहीतच. फॉर्ममध्ये सरळ प्रश्न होता, स्थानिक लोकांनी किती दिले आणि किती जणांनी दिले. आपण शून्य लिहिलं. गावाने एवढं करून शून्य.

म्हणून यावेळी एका मोठ्या माणसाकडून पन्नास हजार मिळण्यापेक्षा पाचशे घरांतून अडीचशे-अडीचशे आलेले जास्त मोलाचे आहेत, सव्वा लाखाचा हिशोबबी तसाच बसतो. शक्यतो यूपीआय किंवा चेकने संस्थेच्याच खात्यावर द्या, कुणाच्या पर्सनल नंबरवर नको. पन्नास रुपये दिले तरी पावती मागून घ्या, हक्काने मागा. संस्थेला इन्कम टॅक्सच्या १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगी देणाऱ्याला सवलत) या दोन्ही नोंदण्या आहेत, ज्यांना टॅक्समध्ये सवलत घ्यायची त्यांनी पॅन नंबर द्यावा, रोख २,००० च्या वर दिले तर ती सवलत मिळत नाही आणि नवीन टॅक्स पद्धत घेतली असेल तरीबी मिळत नाही, हे आधीच सांगतो. परदेशात असलेल्यांनी एवढं बघा, भारतीय पासपोर्ट असेल तर चालतं, पासपोर्टच तिकडचा झाला असेल तर आपल्याला घेता येत नाही कारण एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, नाही आपल्याकडे. कुणी कंपनीत असेल तर साहेबांच्या कानावर घाला, कंपन्यांचा समाजकामाचा पैसा घ्यायला लागतो तो सीएसआर-१ नंबर काढून ठेवलाय.

हे सगळं कुणासाठी, तर हजेरीची वही एकदा येऊन बघा. रोज संध्याकाळी पहिलं नाव एकाच मुलीचं असतं. दिवसभर कापूस वेचते, बोंडाच्या काट्यांनी बोटं ओरबाडलेली असतात, त्याच हाताने सही करते आणि पोलीस भरतीचं पुस्तक उघडून बसते. लाईट गेली की मोबाईलच्या टॉर्चवर वाचते, आणि साडेआठला उठून घरी जाते कारण इथे बाथरूम नाही. पोरं अकरापर्यंत बसतात. तिचे ते रोजचे अडीच तास आपल्यामुळे जातात असं मला वाटतं.

पैशाशिवाय माणसंबी हवीत. इंग्रजीत प्रपोजल नीट लिहून देणारं कुणीतरी, दोन संध्याकाळी देणारा अकाउंटचा पोरगा, आणि अमळनेर किंवा धुळ्याच्या बाजारात सोलरवाल्यांची ओळख असलेला माणूस, कारण कोटेशन तीन लागतात आणि ती जीएसटी नंबर असलेल्या लेटरहेडवर, मागच्या वेळी आपण वहीच्या पानावर लिहून आणलेलं जोडलं होतं. या अभ्यासिकेत बसून जे नोकरीला लागले त्यांनी आपल्या हाताने चार ओळी लिहून पाठवा, कधीपासून बसत होता आणि आता कुठे आहात, बस एवढंच. आणि संमेलनाच्या पुस्तकांचं एखादं बिल कुणाच्या कपाटात, गाडीच्या डिक्कीत सापडलं तर चुरगळलेलं असलं तरी आणा.

पुढच्या महिनाअखेरीस अर्ज जाणार. क्यूआर कोड वाचनालयाच्या दारावर लावलाय आणि पावतीपुस्तक घेऊन रोज संध्याकाळी सात ते नऊ कुणी ना कुणी बसलेलं असतं. येत्या रविवारी सातलाच सगळे जमतोय, तेव्हा फाईल उघडून एकेक कागद लावायला घेऊ.