तलाव ओडिशात जाऊ नये म्हणून

मा. संपादक,

महोदय,

मामा (माजी मालगुजारी) तलाव, बोड्या म्हणजे शेतातली छोटी तळी, पांदण रस्ते यांचा मोबाइलवर उघडणारा नकाशा आता हौशी माणूसही चार दिवसांत उभा करू शकतो. वेबपानावर नकाशा दाखवणारे लीफलेट हे मोफत साधन, खाली लोकांनी मिळून केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा पाया आणि तलावांचे बिंदू-कडा साठवणारी जिओजेसन प्रकारची एक फाइल, एवढ्यावर काम भागते. स्वतःचा सर्व्हरही लागत नाही. खरी कसोटी नंतरची. दोन पावसाळ्यांनी तो नकाशा उघडला पाहिजे आणि त्यावरचा आकडा ठेक्याच्या बैठकीत टिकला पाहिजे.

आकड्याचेच आधी पाहू. वेबवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटर पद्धतीने पसरलेले असतात आणि विषुववृत्तापासून दूर जावे तशी ही पद्धत जमीन फुगवते. त्यावर सरळ मोजले तर आपल्या २१ अक्षांशावर क्षेत्र सुमारे १५ टक्के जास्त भरते, म्हणजे १० हेक्टरचा तलाव साडेअकरा हेक्टरचा होतो. मासेमारीचा ठेका किंवा गाळपेर (पाणी ओसरल्यावर तलावाच्या गाळात घेतलेले पीक) यावरून आधीच कुरबूर असेल, तर एवढा फरक भांडणाला पुरेसा आहे. मोजणी यूटीएममध्ये करावी; ही पृथ्वीचे सहा-सहा रेखांशांचे क्रमांकित पट्टे पाडून मीटरमध्ये मोजण्याची पद्धत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ४४व्या पट्ट्यात येतात, तिकडे प्रश्न नाही. पश्चिमेला मात्र ४३ आणि ४४ या पट्ट्यांची सीमा असलेला ७८ रेखांश मधूनच जातो: यवतमाळ शहर ४४मध्ये तर पुसद ४३मध्ये, अमरावती ४३मध्ये तर वरुड ४४मध्ये. पुसदच्या तलावाचे आकडे ४४चे समजून वाचले की तलाव सहाशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला, ओडिशात जाऊन बसतो. ही चूक निदान डोळ्यांना दिसते, १५ टक्क्यांची दिसत नाही.

जिओजेसनमध्ये रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहितात. लीफलेटला हाताने बिंदू देताना नेमके उलटे. अदलाबदल झाली की भंडारा उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवर निघते. दशांशानंतर पाच अंक पुरेत, त्यात मीटरभर अचूकता येते. मोबाइलचा जीपीएस सागाच्या गर्दीत तेवढीही देत नाही, मग पंधरा अंकांनी फाइल कशाला फुगवायची? तलावाची कड कोणत्या महिन्यात टिपली हे मात्र लिहून ठेवा. मे आणि ऑक्टोबर यांत कड कितीतरी सरकते.

गावाच्या नावावरून दोन याद्या कधीही जोडू नयेत. वडगाव, पिंपळगाव यांना तोटा नाही, त्यात खुर्द-बुद्रुक आणि वस्ती नसलेल्या रिठी. २०११च्या जनगणनेचा सहा अंकी ग्राम संकेतांक हाच धागा धरावा. यादी कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये आणावी. एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुराची तक्ता-फाइल) काढताना यूटीएफ-८ हा युनिकोडचा पर्याय निवडायचे राहिले, तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि त्या फाइलमधून मूळ अक्षरे परत मिळत नाहीत.

आता देखभाल. पान उघडले की दर वेळी ओव्हरपासला (ओपनस्ट्रीटमॅपमधली माहिती शोधून देणाऱ्या सेवेला) विचारणारी साधने हमखास अडकतात; सार्वजनिक सर्व्हर ४२९ (फार विचारणा) किंवा ५०४ (वेळ संपली) असे उत्तर देतो आणि नकाशा कोरा राहतो. महिन्यातून एकदा माहिती ओढून फाइल करून ठेवावी. जुनी फाइल पुसण्याआधी नव्या फाइलमधले तलाव मोजावेत. ते दहा टक्क्यांहून जास्त घटले असतील तर जुनीच ठेवावी, कारण तलाव बुजण्यापेक्षा उत्तर अर्धवट येण्याचीच शक्यता जास्त. लीफलेटची आवृत्ती १.९.४ अशी ठरावीक घेऊन आपल्याच फोल्डरमध्ये ठेवावी, ‘सर्वांत नवी’ मागू नये. गाव शोधायला नॉमिनॅटिम (नावावरून जागा शोधणारी ओपनस्ट्रीटमॅपची सेवा) वापरत असाल तर सेकंदाला एकच विचारणा, आणि टाइप करता करता सुचवण्याची सोय त्यावर करायची नाही. पायाच्या नकाशाचे चित्र-तुकडे पुरवणारा ओपनस्ट्रीटमॅपचा सर्व्हर देणग्यांवर चालतो. अख्ख्या जिल्ह्याची चित्रे उतरवून घेतल्यास बंदी येऊ शकते. कोपऱ्यातला ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयउल्लेख काढून टाकू नये.

एवढे सांभाळूनही साधन बंद पडते ते बहुधा पासवर्डपायी. ज्या पोराने नकाशा केला तो नोकरीला पुण्याला जातो आणि खाते त्याच्या जुन्या मोबाइल नंबरवर असते. खाते ग्रामपंचायतीच्या ईमेलवर काढावे आणि किल्ली दोघांकडे असावी.

आपले,
गावनकाशांचे काम करणारे काही वाचक,
जि. भंडारा