प्रकल्प संपल्यावर पाहणी कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी निधीतून झालेल्या पर्यावरण प्रकल्पांचे मूल्यमापन बहुतेक वेळा प्रकल्प बंद होतानाच उरकले जाते. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने मूल्यमापनासाठी ठरवलेल्या सहा निकषांत टिकाऊपणा हाही एक आहे. पण कंत्राटदाराचे शेवटचे बिल निघत असताना टिकाऊपणा दिसणार कसा? तेव्हा त्याचा फक्त अंदाज बांधता येतो.

आपल्या इंदूरचेच पाहा. नव्वदच्या दशकात ब्रिटिश सरकारच्या मदतीने 183 झोपडपट्ट्यांत रस्ते, पाणी, दिवे आले, घरोघरच्या संडासांसाठी ड्रेनेज लाइन टाकली गेली. कान्ह आणि सरस्वती नद्यांत मैला जाऊ नये, हाही हेतू होता. जमिनीच्या उताराचा फायदा घेऊन नाल्यांच्या कडेने मुख्य लाइन न्यायची, ही कल्पना खरोखर चांगली होती. 1998 मध्ये या कामाला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. नंतर वस्त्यांत फिरलेल्या अभ्यासकांनी मात्र तुंबलेल्या लाइन, न जोडलेले संडास आणि देखभालीची हेळसांड नोंदवली. लोकांना रस्ते-पाण्याचा लाभ झाला नाही, असे मी म्हणत नाही. पण कृष्णपुरा छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या नदीकाठच्या स्मारकांपाशी, नदीची दुर्गंधी पुढे कित्येक वर्षे तशीच होती. 2021 मध्ये शहर 'वॉटर प्लस' ठरले, म्हणजे प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदी-नाल्यांत सोडत नसल्याचे सरकारी प्रमाणपत्र मिळाले; त्याआधी नाल्यांत सांडपाणी सोडणारी तोंडे शोधून बंद करण्यावर पुन्हा खर्च करावा लागला.

नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाबाबत उलट घडले. जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीने 1992 मध्ये, काम चालू असतानाच, पुनर्वसन आणि पर्यावरणातील उणिवा उघड सांगितल्या. 1993 मध्ये भारताने बँकेचे उरलेले कर्ज सोडले, आणि त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारींसाठी तपासणी मंडळ स्थापन केले. धरणाविषयी मते काहीही असोत, त्या अहवालाची दखल घेणे भाग पडले.

आता उज्जैनच्या 2028 च्या सिंहस्थापूर्वी कान्हवर पुन्हा मोठा खर्च चालू आहे. निधी कुठलाही असो, पाच आणि दहा वर्षांनंतरच्या पाहणीची तरतूद मूळ रकमेतच हवी. ती पाहणी बांधकाम करणाऱ्या खात्याकडे मुळीच देऊ नये. ज्यांच्या दारात चेंबर उफाळते, त्या बायकांना आधी विचारावे, आणि अहवाल इंग्रजी फायलीत न ठेवता हिंदीत वॉर्ड कार्यालयात लावावा.

आपल्या दैनिकाने त्या 183 वस्त्यांपैकी काहींत वार्ताहर पाठवून जुन्या लाइनची आजची स्थिती छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर