हॅरिस पुलापलीकडचं घर

नाशिक,
रविवार दुपार

तीर्थरूप बाबांस आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर पुण्यातल्या घराचा विषय काढला की बाबा स्पीकर लावतात, आई स्वयंपाकघरातून ओरडून काहीतरी विचारते, मग तुमचं दोघांचंच सुरू होतं आणि मी इकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत बसते. म्हणून लिहितेय. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मधे मधे स्वतःचं घालू नका.

घर ठरलं. निगडी प्राधिकरणात. कोथरूडला नाही.

आत्याला लगेच फोन लावू नका, आधी पुढचं वाचा. तिच्या मते हॅरिस पूल ओलांडला की पुणं संपतं. पिंपरी-चिंचवडला १९८२ पासून वेगळी महापालिका आहे असं मी म्हटलं, तर म्हणाली, "म्हणूनच तर!" आता यावर काय बोलायचं?

कोथरूडला आम्ही चार घरं पाहिली. जागा चांगली, यात वादच नाही. खाली उतरलं की भाजी, औषधं, बँक, नाटकाला यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, वनाजपासून मेट्रो. तुमच्या दृष्टीनं याहून सोयीचं काही मला दिसलं नाही, हे कबूल करते. पण आमच्या भाड्यात बसणारी घरं जुन्या तीन मजली इमारतींतली, लिफ्ट नसलेली. त्यातल्या दोन सोसायट्यांच्या फळ्यावर पुनर्विकासाच्या सभेची नोटीस लावलेली. म्हणजे बस्तान बसतंय तोवर परत टेम्पो बोलवा. आणि समीरची कंपनी चाकणला, माझं ऑफिस हिंजवडीला. इथल्या अंबडहून चाकणला बदली झाल्यापासून तो तसाही चिडलेला आहे. त्यात रोज अख्खं शहर ओलांडायला लावलं तर माझं काही खरं नाही.

जानेवारीत शोधायला लागलो तेव्हा मी मोठा तक्ता केला होता. भाडं, अंतर, शाळा, पार्किंग, सगळ्याला गुण. तुम्ही दोघांनी मात्र एकेकच प्रश्न विचारला होता. बाबा म्हणाले, "पाणी कुठल्या धरणाचं?" आणि आई म्हणाली, "दुपारी चारला खाली कोण असतं गं?" मी समीरला सांगून हसले होते. तिसऱ्या रविवारी तक्ता फाडून टाकला, आणि पुढची सगळी घरं तुमच्या दोन प्रश्नांवर बघितली.

वाघोलीला बाबांचा प्रश्न विचारला. घर दृष्ट लागण्यासारखं होतं, भाडं इतर ठिकाणांपेक्षा बरंच कमी, पोहण्याचा तलावसुद्धा. एजंट म्हणाला, पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही मॅडम. मी खाली येऊन वॉचमनकाकांना विचारलं, दिवसाला टँकर किती येतात? ते म्हणाले, "उन्हाळ्यात की एरवी?" तिथेच विषय संपला. २०२१ मध्ये जी २३ गावं पुणे महापालिकेत आली त्यात वाघोली आहे, पण गाव महापालिकेत आलं म्हणून लगेच नळ येत नाही. बाबा, तुम्ही ३४ वर्षं पाटबंधारे खात्यात काढलीत, तुम्हाला मी काय सांगायचं.

नऱ्हे तुम्ही सुचवलं होतं, साताऱ्याच्या बाजूला म्हणून. एसटी सोयीची पडेल, हे खरं. पण नवले पुलाच्या उतारावर तासभर उभं राहून बघितलं. कात्रजच्या बोगद्याकडून उतरणारे ट्रक ज्या वेगानं येतात, ते बघून ओवीला तिथून शाळेत पाठवायची माझी छाती होईना. तिथे अपघात किती होतात ते तुम्ही 'सकाळ'मध्ये वाचताच की.

वाकड जवळजवळ ठरलंच होतं. आम्ही ते रविवारी पाहिलं होतं, म्हणून. रविवारी पुण्यातला कुठलाही भाग राहण्यासारखा वाटतो. मग समीर म्हणाला, एकदा बुधवारी संध्याकाळी सातला जाऊन बघू. भूमकर चौकातून त्या सोसायटीच्या गेटपर्यंत जेमतेम दोन किलोमीटर, आम्हाला चाळीस मिनिटं लागली. त्यात गेटसमोरचा रस्ता पायी ओलांडायचा तर जीव मुठीत धरायचा. समोरच मेडिकल दिसतंय, पण बाबांना गोळ्या आणायला जाता येणार नाही, असं ते ठिकाण.

तरी वाकडवर सगळा दोष टाकत नाही. आईच्या प्रश्नासाठी मी मुद्दाम दुपारी चारला परत गेले होते. खाली बाकावर दोन आज्या बसलेल्या. एक आपल्याकडच्याच वाटल्या, दुसऱ्या तेलुगू बोलणाऱ्या. दोघी नातवंडं सांभाळायला मुलांकडे आलेल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण शेंगा सोलत बसल्या होत्या आणि मधूनच हसत होत्या. मी उगाचच दहा मिनिटं तिथे थांबले. आई, तू तिथेही जमवून घेतलं असतंस, हे मला माहीत आहे. पण दर वेळी तूच का जमवून घ्यायचं?

तळेगावही पाहिलं. हवा छान, लोकलचं स्टेशन, आणि बाबांना आवडेल असा पैसाफंडाच्या काच कारखान्याचा इतिहास. पण दुपारी लोकल फार कमी, आणि मला ऑफिसात उशीर झाला की परतीची रोजची धाकधूक. निवृत्त झाल्यावर बघू.

आता प्राधिकरण. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण झालं ते कारखान्यांतल्या लोकांना राहायला नीट आखलेली जागा मिळावी म्हणून. आधी रस्ते, मग घरं, असं पुण्यात क्वचितच घडलेलं काम तिथे घडलंय. पत्ते सगळे सेक्टरच्या नंबरांचे, त्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही सेक्टर २७ मध्येच तीनदा गोल फिरलो. पण फूटपाथ आहेत, आणि त्यावरून खरंच चालता येतं! झाडं मोठी झालेली. आमची इमारत जुनी, चार मजली, लिफ्ट आहे. छोटी आहे, तीन माणसं आणि एक भाजीची पिशवी मावते. घर पहिल्या मजल्यावर, त्यामुळे लिफ्ट बंद पडली तरी आईच्या गुडघ्यांना एकच जिना. आकुर्डी स्टेशन चालत बारा मिनिटं. समीरची कंपनीची बस भक्ती-शक्ती चौकातून मिळते. मला हिंजवडीला आठवड्यातून तीनच दिवस जायचं आहे. ते मी निभावून नेईन.

आणि दुपारी चारला? खाली मेथी निवडणाऱ्या तीन बायका होत्या. घर बघायला आलेल्या मलाच त्यांनी विचारलं, कुठल्या तुम्ही? सातारा म्हटल्यावर एकीचं माहेर वाईचं निघालं. पुढची वीस मिनिटं एजंट घड्याळ बघत उभा.

उणं काय ते सांगते, नाहीतर तिथे पाऊल ठेवल्यावर बाबा स्वतःच शोधून काढतील. निगडीपर्यंत मेट्रो वाढवण्याचं काम चालू आहे, त्यामुळे हायवेला धूळ आणि बॅरिकेड. आणि पाणी एक दिवसाआड. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून हेच चालू आहे. बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: धरण पवना. पाणी धरणातून नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि निगडीलाच सेक्टर २३ मध्ये शुद्ध करतात. धरणापासून थेट बंद जलवाहिनी आणायची योजना होती. मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, ९ ऑगस्ट २०११ ला गोळीबारात तिघं गेले, आणि काम वर्षानुवर्षं थांबलं. तेव्हा टीव्हीसमोर बसून तुम्ही किती अस्वस्थ झाला होतात ते मला आठवतंय. त्यांच्या शेताजवळून वाहणारं पाणी आपल्या नळाला दिवसाआड येणार, तर मी तक्रार करणार नाही. जमिनीखाली टाकी आहे, गच्चीवर टाकी आहे, टँकर लागत नाही असं वर-खालच्या दोन घरांत विचारून घेतलंय.

आता भाड्याचं. "भाडं म्हणजे दुसऱ्याचं घर फेडणं" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. पण नाशिकचा फ्लॅट आपण घाईत घेतला, बिल्डरनं ताबा दोन वर्षं उशिरा दिला आणि भोगवटा प्रमाणपत्र अजून आलेलं नाही, त्यामुळे तो धड विकताही येत नाही. या वेळी समीरचं आणि माझं ठरलंय: एक पावसाळा काढल्याशिवाय पुण्यात घर घ्यायचं नाही. पुणेकरांना पानशेत धरण कधी फुटलं विचारलं की १२ जुलै १९६१ सांगतात. पण आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ ला रात्री पाणी आलं तेव्हा कुठलंही धरण फुटलं नव्हतं. आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत खडकवासल्याच्या विसर्गानं पाणी शिरलं. त्या सोसायट्या उन्हाळ्यात बघायला गेलं तर नदीकाठचं शांत ठिकाण म्हणून कुणालाही आवडतील. नाला कुठून जातो, बेसमेंटला पंप का बसवलाय, हे जुलैतच कळतं.

करार ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, रीतसर नोंदवलेला. भाडं २४ हजार, डिपॉझिट ७५ हजार. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी मालकावरच आहे. आमचे मालक बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी कागद आमच्याआधी तयार ठेवले होते. अंगठे घरीच येऊन घेतले.

म्हणून बाबा, एफडी मोडू नका. आई मला हळूच बोलली की तुम्ही बँकेत चौकशी करून आलात. (आईवर रागावू नका.) ते पैसे आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे आहेत, आमच्या पहिल्या हप्त्याचे नाहीत. तुम्ही दिलेत तर मी घेईन, आणि मग प्रत्येक वेळी घराचं कुलूप उघडताना मला ते आठवेल. नकोच.

मागची खोली तुमची. ओवीनं आत्ताच जाहीर केलंय की आजोबा आले की ती तिथेच झोपणार. कायमचं या, असं म्हणत नाहीये. ते मागच्या दिवाळीत बोलून झालं. तुम्हाला घर, परस, शेजारी सोडवत नाहीत, आणि खरं सांगायचं तर तुमच्या जागी मीही सोडलं नसतं. फक्त दोन महिने या. मेमध्ये ओवीची परीक्षा झाली की आम्ही सामान हलवू, जूनमध्ये तिची शाळा सुरू होईल. सातारा-स्वारगेट एसटीनं या, स्टँडला लागूनच मेट्रोचं स्टेशन आहे. तिथून थेट पिंपरी; समीर स्टेशनवर गाडी घेऊन उभा असेल. सरकता जिना आईला नको असेल तर लिफ्ट आहे.

आणि आई, एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. तुकोबांची पालखी देहूहून निघते ना, ती दुसऱ्या दिवशी आकुर्डीला विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते. ज्येष्ठ वद्य अष्टमी. तू दर वर्षी टीव्हीसमोर पाट टाकून बसतेस. या वर्षी पालखी भक्ती-शक्ती चौकातून येताना बघू, आणि गर्दी फार झाली तर आपल्या पावलांनी घरी परत येऊ.

बाबांसाठीही काम शोधलंय. सेक्रेटरी म्हणतात गच्चीवरची टाकी तीस हजार लिटरची आहे. मला ती तेवढी वाटत नाही. टेप घेऊन या.

तुमची,
मनू

ता. क. आत्याला मी सांगते. तुम्ही सांगू नका.