उशीचं माप घेणाऱ्या गादीवाल्या काकांस

काका,

स. न. वि. वि.

दुकानात येऊन आभार मानले की तुम्ही "अहो, दोन टाके घातले, त्यात काय एवढं" म्हणत चहा सांगता आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून हे जाहीर पत्र. आम्ही पुण्यात गरोदर बायकांचे वर्ग घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आणि नर्स. आमची नावं तुम्हाला ठाऊक आहेत, वाचणाऱ्यांना त्यांच्याशी कर्तव्य नाही.

सातवा लागला की वर्गात पहिला प्रश्न झोपेचा येतो. त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे "कुशीवर झोपा, दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या." माहितीपत्रकातही एवढंच छापलेलं असतं. ते ऐकून तुम्ही विचारलंत, "किती जाडीची? दाबायच्या आधी की दाबल्यावर?"

खरी मेख तिथेच होती. कुशीवर पडलं की वरचा पाय पुढे आणि खाली घसरतो आणि त्याच्या वजनानं कंबर पिळली जाते. शेवटच्या महिन्यांत ओटीपोटाच्या सांध्यांचे बंध सैल झालेले असतात, त्यामुळे हा पीळ पुढच्या सांध्यात आणि माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना दुखतो. उशी पातळ असली तर गुडघा पडतोच, फार जाड असली तर मांड्या फाकतात आणि पुढचा सांधा ताणला जातो. वरची मांडी गादीला समांतर राहील एवढी जाडी हवी, आणि तीही पायाचं वजन पडल्यानंतर. तुम्ही नऊ इंच फुगलेली उशी शिवलीत, ती दाबून सहा इंचांवर आली, आणि बहुतेकींना तेच माप बसलं. रुंद बांध्याच्या बाईला सात. लांबी चोवीस इंच ठेवलीत हे तर फारच बरं केलंत. बाजारातल्या गुडघ्याच्या छोट्या उश्यांमध्ये घोटा अधांतरी लोंबतो, पाऊल खाली झुकतं, मांडी वळते आणि कंबरेचा पीळ होता तसाच राहतो. गुडघ्यापासून टाचेपर्यंत सगळा पाय टेकला पाहिजे.

आत काय भरायचं यावरून तुमच्याशी झालेला वाद तुम्ही जिंकलात. सावरीचा कापूस हाताला लोण्यासारखा, पण मध्यरात्रीपर्यंत बसतो. फोम दबत नाही, पण उन्हाळ्यात तापतो, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये आठव्या महिन्याच्या बाईला अंगाशी तापणारी वस्तू नको असते. ताजा पिंजलेला साधा कापूस, एका उशीला दीड किलो, मांजरपाटाची खोळ आणि एका बाजूला चेन. चेन अशासाठी की जास्त वाटला तर मूठभर कापूस काढता यावा. दोन महिन्यांत त्याच्या गाठी होतात, पावसाळ्यात तर लवकरच. तीन-चार तास उन्हात टाकून हातानं झोडपली की पुन्हा उभारी येते.

पण आमच्या मते तुमची सगळ्यात मोठी करामत म्हणजे तो पट्टा. अंगाएवढा लांब लोड समोर घेतला की एका कुशीवर झोप छान लागते. कूस बदलायची वेळ आली की पंचाईत, कारण तो अवजड लोड अंगावरून ओढून पलीकडे न्यावा लागतो. रात्री चार वेळा हे करायचं म्हणजे झोपेचं खोबरं. तुम्ही बारा बाय दहा इंचांच्या दोन उतरत्या उश्या केल्यात, एका कडेला चार इंच जाड, दुसऱ्या कडेला जवळजवळ सपाट, आणि त्या कापडी पट्ट्यानं जोडल्यात. पट्टा कंबरेखाली सपाट पसरतो, एक उशी पोटाखाली जाते, दुसरी पाठीशी. कूस बदलली की पाठीची पोटाची होते आणि पोटाची पाठीची. काही ओढायला नको, घरच्या कुणाला उठवायला नको. पट्ट्याची शिवण अंगाखाली रुतत होती, तीही तुम्ही कडेला घेतलीत. आता फक्त एवढंच बजावून सांगावं लागतं की पोटाखाली आधी पातळ कड सरकवा. जाड कड घुसवली तर पोट वर उचललं जातं आणि बाई हळूहळू पाठीवर लोटली जाते, म्हणजे जे टाळायचं तेच होतं.

पाठीवर का नको, हे तुम्ही एकदा गिऱ्हाइकाला सांगताना आम्ही ऐकलं आणि त्यात खोड काढायला जागा नव्हती. पायांकडचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर मणक्याच्या किंचित उजव्या अंगानं जाते. उताणं झोपलं की भरलेल्या गर्भाशयाचा भार तिच्यावर येतो, हृदयाकडे जाणारं रक्त कमी होतं, आईला गरगरतं आणि बाळाकडचा पुरवठाही घटतो. म्हणून 28 आठवड्यांनंतर झोपताना कुशीवरच पडायचं, दुपारच्या वामकुक्षीलासुद्धा. मात्र "फक्त डावीच कूस" हा जो धाक घरोघरी घातला जातो, त्यानं बायका एकाच खुब्यावर रात्र काढतात आणि सकाळी तो ठणकतो. उजवी कूसही चालते. मध्येच जाग आली आणि आपण उताण्या आहोत असं दिसलं तर घाबरायचं नाही, वळायचं आणि पुन्हा झोपायचं. रात्रीची सुरुवात ज्या कुशीवर होते त्याच स्थितीत सहसा सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून सुरुवात महत्त्वाची.

वळण्याची रीतही तुमच्या दुकानातल्या गादीवरच बायकांना दाखवायची सोय झाली. दोन्ही गुडघे वाकवायचे, एकमेकांना चिकटवायचे, श्वास सोडत खांदे आणि कंबर एकदम वळवायची. ओटीपोटाचा पुढचा सांधा दुखत असेल तर एक पाय पुढे, दुसरा मागे असं कधीच नाही. उठताना आधी कुशीवर, मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि हातांनी स्वतःला ढकलत बसायचं. परकर, सलवार बसूनच घालायची, एका पायावर उभं राहून नव्हे. सुती गाऊन सुती चादरीला धरून बसतो आणि वळताना पीळ पडतो, म्हणून खुब्याखाली येईल अशी तीन फूट रुंद साटीनची पट्टी तुम्ही चादरीवर टाचून दिलीत. पूर्ण साटीनची चादर घामानं नकोशी होते, पट्टी पुरते.

छातीतल्या जळजळीसाठी लोक तुमच्याकडे जाड उशी मागतात. तीन उश्या रचल्या की मान पुढे मोडते, पोटात घडी पडते आणि आंबट पाणी आणखीच वर येतं. उतार कंबरेपासून हवा. पलंगाला पाय असतील तर उशाकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा, म्हणजे साधारण सहा इंच. हल्लीच्या फ्लॅटमध्ये बहुतेक बॉक्सचे पलंग, त्यांना विटा कुठे लावणार? तिथे तीस इंच लांब, डोक्याकडे सात इंच उंच असा उतरता ठोकळा लागतो. "हे काम कापसाचं नाही, घट्ट फोमच घ्या," असं तुम्ही स्वतः सांगितलंत आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात पाठवलंत. हे आम्ही विसरलेलो नाही.

उशीपलीकडचं तुम्हाला जे विचारतात, ते तुम्ही लिहून मागितलं होतंत. ते हे घ्या.

जळजळ होत असेल तर जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी, थोडं थोडं. डोहाळजेवणाची पंगत दुपारी उरकावी, रात्री नको. झोपताना डावी कूस घ्यावी, जठर डावीकडे असल्यामुळे आम्ल वर यायला कमी वाव मिळतो. खायचा सोडा पाण्यात घालून पिऊ नये, त्यात मिठासारखंच सोडियम असतं. जळजळीचं औषध डॉक्टरांना विचारूनच, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर. लोह आणि कॅल्शियमही एकत्र नको, त्यातही दोन तासांचं अंतर. लोहाच्या गोळीवर चहा घेणं म्हणजे गोळी वाया घालवणं.

पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून पावलाची बोटं नडगीकडे ओढायची. बाई बहुतेकदा चवडा लांब ताणून आळस देते आणि गोळा नेमका तिथेच येतो. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, मागची टाच जमिनीला चिकटवून, प्रत्येक पोटरीला तीस सेकंदांचे तीन ताण द्यावेत. पाय नुसते वळवळत असतील, हलवले की बरं वाटतं आणि थांबवले की पुन्हा किडे चालल्यासारखं होतं, तर तो गोळा नव्हे. त्याला अस्वस्थ पाय म्हणतात, शेवटच्या तिमाहीत तो वाढतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा जातो. त्यामागे लोह कमी पडलेलं असू शकतं, म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासायला डॉक्टरांना विचारावं. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद केली तर त्याचाही उपयोग होतो.

लघवीला रात्री उठणं पूर्ण थांबत नाही, कमी होतं. दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. म्हणून संध्याकाळीच अर्धा-पाऊण तास कुशीवर पडून पाय उशीवर घ्यावेत, म्हणजे ती फेरी जागेपणीच होते. पाणी दिवसभर भरपूर प्यावं, शेवटचे दोन तास घोट घोट. लघवीला जळजळ होत असेल तर मात्र उशीनं काही होत नाही, लघवी तपासावी.

झोपेसाठी दुधात जायफळ उगाळून देण्याची आपल्याकडे चाल आहे. या दिवसांत ते नको, जास्त झालं तर विषारी ठरतं. झोपेची गोळी मनानं घेणं तर नाहीच.

आता मुख्य गोष्ट. मागे एक बाई पायाला सूज आली म्हणून पायाखाली घ्यायला उंच उशी मागत होती. तुम्ही विचारलंत, "एका पायाला की दोन्ही?" एकच पोटरी सुजलेली, लाल आणि दुखरी होती. उशी न विकता तुम्ही तिला लगेच डॉक्टरांकडे धाडलंत. एकाच पोटरीची अशी सूज म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि त्यात तास मोजायचे असतात.

असेच आणखी काही प्रश्न काउंटरजवळ चिकटवून ठेवा. डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, बरगड्यांखाली उजवीकडे दुखतंय, चेहरा किंवा हात अचानक सुजलेत का? यातलं काहीही असेल, किंवा रक्तदाब 140/90 किंवा वर असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. तळहात-तळपायांना रात्री खाज सुटते पण पुरळ नाही? यकृताची आणि रक्तातल्या पित्ताम्लांची तपासणी हवी. बाळाची हालचाल कमी वाटते? "शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ हलत नाही" हे खोटं आहे. हालचाल नेहमीसारखी राहिली पाहिजे, कमी झाली तर सकाळची वाट न बघता जावं. रक्तस्राव, पाणी जाणं किंवा 37 आठवड्यांच्या आत ठरावीक अंतरानं कळा आल्या तरीही तसंच. वाहन नसेल तर 108 ला फोन करावा.

तुम्ही कापसाच्या हिशोबात एक पैसा वर घेतला नाहीत आणि माप घेतल्याशिवाय एकही उशी दिली नाहीत. मनापासून आभार.

आपल्या,
वर्ग घेणाऱ्या आम्ही सगळ्याजणी
पुणे

ता. क. : पट्टा आणखी दोन इंच लांब हवा. जुळ्यांची आई आहे, नेहमीचं माप अपुरं पडतंय. आणि वर्गातल्या सहा उश्या पावसाआधी पिंजायला आणतो आहोत, यावेळी पैसे घ्यायचे.